सापडल्याची खूण

शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला म्युझियम रस्त्याच्या कोपऱ्यावर सिग्नल हिरवा झाला आणि हेडविग लार्खरचं पाऊल फुटपाथवरून उचललंच गेलं नाही. हातात भाजीची पिशवी होती, पिशवीतून कांद्याच्या पातीची टोकं बाहेर आली होती, मागून येणारी माणसं तिला वळसा घालून पुढे जात होती. अंध माणसांना खांब कुठे आहे ते कळावं म्हणून त्यावर बसवलेली डबी टक्, टक् करत होती. ती रोजच करते, हेडविग रोजच इथून जाते. आज मात्र तिला पलीकडच्या खांबावरची डबीही ऐकू आली. दोघींचा ठेका जवळजवळ सारखा होता, पण अगदी सारखा नव्हता. दोन्ही टक्‌टक् काही वेळ एकमेकींवर पडत, मग एकच असल्यासारखं वाटे. मग एक हळूहळू मागे पडे, दोघींमध्ये फट पडे, ती रुंद होत जाई आणि पुन्हा बुजे. तिने मान तिरकी केली. ट्रामच्या थांब्याकडून आणखी एक येत होती, फार बारीक, पण येत होती. “तीन,” ती म्हणाली. शेजारी कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना वाटलं, ती त्यांच्याशी बोलतेय. ट्राम तीन नंबरची गेली आत्ताच, त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागला. चौदा महिन्यांत हा आकडा तिच्या तोंडून निघाला नव्हता. पोलिसांना, डोंगरातल्या बचाव पथकाला, तीन घरच्या माणसांना तिने दुसराच आकडा सांगितला होता. एक.

ती कानांचंच काम करायची. नदीपलीकडे, सांक्ट निकोलाउसच्या उतारावर, श्रवणयंत्रं बसवून देणाऱ्या एका लहानशा दुकानात वीस वर्षं ती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवत आली होती. काचेच्या पेटीत बसा, बटण हातात धरा, आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. काहींना ऐकू येत असे आणि तरी ते दाबत नसत. तिला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, पापणी हलायची, अंगठा मात्र जागचा हलायचा नाही. विचारलं तर म्हणायचे, बाई, खात्री नव्हती हो. ती हसून पुन्हा तोच सूर लावायची. चौकशीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने तिचा धंदा विचारून घेतला होता, कागदावर लिहूनही घेतला होता, पण त्या ओळीपाशी तो थांबला नव्हता. गोंधळलेल्या, नाकातून रक्त येणाऱ्या, बहीण गमावलेल्या बाईला कोण थांबवणार? बर्फाखालच्या दोनतीन शोधयंत्रांचे संदेश एकाच वेळी एकमेकांवर पडले की घेणाऱ्या यंत्राची फसगत होऊ शकते, असं तज्ज्ञांनीही लिहून दिलं. होऊ शकते. तेवढ्यावर प्रकरण मिटलं होतं. ते मिटू द्यायला एकटी झीटाबाई तयार नव्हती, तिचा मुलगा त्यात गेला होता, आणि झीटाबाई आज तीन वाजता कॉफीला येणार होती.

घरी येऊन तिने पातीचा कांदा धुऊन ठेवला, टेबलावर धुतलेला कपडा घातला, कप काढले. कप दोनच काढायचे, हे अजून हाताला शिकवावं लागे. अफ्रा गेली तेव्हा चौतीस वर्षांची होती, हेडविगहून अकरा वर्षांनी लहान. आई रुग्णालयात पडून होती तेव्हा आणि नंतर आई नव्हती तेव्हाही, अफ्राच्या वेण्या, अफ्राचे दात, अफ्राची गणितं, सगळं हेडविगकडे होतं. अफ्रा मोठी झाली तरी ते सुटलं नाही. “हेडी, मी पोस्टात नोकरी करते, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि तू मला मोजे घातलेस का विचारतेस,” अफ्रा म्हणायची. मोहरीच्या रंगाची ती लोकरीची टोपीही हेडविगनेच विणलेली. तिच्यावरचा गोंडा एका बाजूला कललेला होता. अफ्राला ती आवडायची नाही. तीत म्हणे ती अंड्यासारखी दिसायची. पण ताईचं मन राखायला ती घराबाहेर पडताना डोक्यावर असायची आणि पहिल्या चढालाच निघायची. त्या जानेवारीतल्या सकाळीही तसंच झालं. सेलरेन गावाच्या वरच्या अंगाला गाडी लावून चौघं स्की लावून डोंगर चढायला निघाली. पुढे व्हिन्झेंट्स, सुतारकाम करणारा, ओएट्झ खोऱ्यातला, डोंगर त्याला अंगणासारखा. त्याच्यामागे अफ्रा, तिच्यामागे कासियान, झीटाबाईचा मुलगा, ट्रामच्या वर्कशॉपमध्ये वीजतंत्री, एकतीस वर्षांचा. तो दमला की गुणगुणायचा आणि गुणगुणला की बेसूर गायचा. शेवटी हेडविग. निघताना गोलात उभं राहून चौघांनी एकमेकांचे बीपर तपासले. छातीशी पट्ट्यांनी बांधलेली ही मूठभर यंत्रं दिवसभर गपचूप संदेश सोडत राहतात. हिमलोटात कुणी गाडलं गेलं तर बर्फावर राहिलेल्याने आपलं यंत्र उलटं फिरवायचं, म्हणजे ते सोडायचं थांबून शोधायला लागतं. दर डिसेंबरात फुटबॉलच्या मैदानावर पोत्यांत यंत्रं पुरून याचा सराव व्हायचा. तिथला प्रशिक्षक कर्कश्श आवाजाचा होता. जवळचा आधी, उथळ आधी, तो ओरडायचा. यंत्रात नाव नसतं, आकडा असतो, आकड्याचं ऐका. हेडविग त्या सरावात नेहमी पहिल्या तिघांत असे.

साडेनऊला अफ्राला घाम फुटला. तिने टोपी काढली, आणि स्वतःची पिशवी उतरवायचा कंटाळा म्हणून पुढे उभ्या असलेल्या व्हिन्झेंट्सच्या पिशवीच्या पट्ट्यात खोचून दिली. हेडविगने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं, कारण तिला राग आला होता, घामेजलं डोकं उघडं टाकून वाऱ्यात चालतेय म्हणून. सांगावं असं वाटलं आणि सांगितलं नाही, सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. पुढे तासाभराने हेडविगच्या स्कीच्या तळाची, चढताना घसरू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी सुटली, ती बसवायला हेडविग कडेच्या खडकापाशी थांबली, बाकीचे तिघे तिरपे वर जात राहिले. आवाज मोठा नव्हता. जड कपाटाचं दार कुणीतरी हळूच लावावं तसा. तिने वर पाहिलं तेव्हा उतार जागचा सरकला होता, त्याचे चौकोनी तुकडे होत होते आणि तिघे त्या तुकड्यांवर अजून उभेच होते. कासियानने हात पसरले, तोल सावरावा तसे. मग ते दिसेनासे झाले. हवेचा लोट तिच्या तोंडावर आदळला, ती खडकावर आपटली, आणि नंतर इतकं शांत झालं की तिला स्वतःच्या कानांतलं रक्त वाजताना ऐकू आलं. दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. तिने घड्याळ पाहिलं, तेही सरावात शिकवलेलं. फोन लागला. खाली दरीत धुकं आहे, हेलिकॉप्टरला वेळ लागेल, तिकडच्या बाईने सांगितलं, आपल्याकडे यंत्र आहे का, शोधायला लागा. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं जगतात, पस्तीस मिनिटांनंतर फार थोडी, हेही तिला पाठ होतं.

यंत्र उलटं फिरवून ती खाली उतरली. बर्फ घट्ट झाला होता, ढेकळांच्या शेतासारखा. सुरुवातीला काही नाही, मग अडतीस मीटर. बाण डावीकडे वळला. पडद्याच्या खालच्या कडेला माणसाच्या आकाराची चिमुकली चित्रं उमटली. एक, लगेच दुसरं, चार पावलांनी तिसरं. कानात तीन टिकटिकी होत्या, तीन वेगवेगळ्या ठेक्यांच्या, आणि तिला त्या काचेच्या पेटीतल्या सुरांइतक्या स्वच्छ सुट्या ऐकू येत होत्या. एकवीस, चौदा, सहा. ती गुडघ्यांवर आली, यंत्र बर्फाला टेकवून पुढेमागे, आडवं फिरवलं. सर्वांत लहान आकडा शून्य पूर्णांक सहा. साठ सेंटीमीटर. कमरेइतकंही नाही. फावड्याने पाचसात मिनिटांचं काम. तिने बर्फात टोचून माणूस चाचपायची सळई काढायला पाठीकडे हात नेला आणि मान वर केली, आणि वीस पावलांवर, लोटाच्या वरच्या कडेला, मोहरीच्या रंगाची टोपी पडलेली दिसली. गोंडा एका बाजूला.

इथून पुढचं हेडविगला रोज आठवत असे, आणि आठवताना दर वेळी ती इथे थांबत असे. आपण विचार केला का? तिला आठवतो तो विचार नव्हेच, हाताची हालचाल आठवते. शोधयंत्रावर एक बटण असतं. एखाद्याचा ठावठिकाणा लागला, सळई रोवली, की ते दाबायचं. मग यंत्र त्या माणसावर खूण करतं आणि त्याचा संदेश बाजूला सारून पुढच्याकडे नेतं. नाहीतर जवळच्या मोठ्या आवाजात दूरचे ऐकूच येणार नाहीत. तिने सळई रोवली नव्हती. फावडं काढलं नव्हतं. अंगठा बटणावर गेला आणि तिने दाबलं. चिमुकल्या माणसाभोवती चौकट उमटली, कानातली एक टिकटिक बंद झाली. यंत्राने तिचं ऐकलं. सापडला, असं तिने सांगितलं आणि यंत्राने मानलं. ती धावत टोपीकडे गेली. टोपीपाशी आकडे उतरत उतरत एक पूर्णांक नऊवर थांबले. सळई तिसऱ्या टोचणीला कशाला तरी लागली, दगड नव्हे, माती नव्हे, काहीतरी लवणारं. उजवीकडे अकरा पावलांवर दुसरा संदेश आहे, असं पडदा सांगत होता. तिने पडद्याकडे पाहणं सोडलं. ती खणू लागली. एकटीने दोन मीटर. अफ्रा, अफ्रा, म्हणत ती खणत होती. बर्फ फावड्यावरून परत खड्ड्यात घसरत होता, श्वासाला धातूची चव होती. चाळिसाव्या मिनिटाला बूट दिसला. करडा, मोठा, चवेचाळीस नंबरचा बूट. व्हिन्झेंट्सचा. तेव्हा तिला पट्ट्यात खोचलेली टोपी आठवली. त्याच सुमाराला हेलिकॉप्टर आलं, माणसं उतरली, त्यांनी चार मिनिटांत उरलेले दोघे शोधले. अफ्रा सत्तर सेंटीमीटर खाली होती, त्या खड्ड्यापासून अकरा पावलांवर. हेडविगला कुणीतरी घोंगडीत गुंडाळलं आणि विचारलं, किती संदेश दाखवत होतं? ती एक म्हणाली. शब्द आपोआप आला. खूण केल्यावर, आकडे सोडून टोपीकडे पाहिल्यावर, तिच्यापुरता एकच उरला होता, अशी पुढे कित्येक दिवस तिने स्वतःची समजूत घातली. यंत्र बंद केलं की त्याच्या पोटात काही राहत नाही. विरुद्ध बोलणारं कुणी नव्हतं.

झीटाबाई तीनला पाच कमी असतानाच आली. बासष्ट वर्षांची, ठेंगणी, बालवाडीच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली. मनगटं अजून भक्कम. खसखशीचा केक आणला होता. जिना फार झाला हो तुझा, म्हणत ती बसली. नवरा पूर्वीच गेलेला, कासियान एकुलता एक. अपघातानंतर बाकी सगळे हेडविगला टाळत असताना ही बाई दर महिन्याला येत राहिली, कधी सूप घेऊन, कधी नुसती. एकदा तिने हेडविगचे केसही विंचरून दिले होते. आज तिने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला, चष्मा लावला, कॉफीचा कप बाजूला सारून कागद कपड्यावर सपाट केला. वकिलाने दावा तयार केला होता, बीपर बनवणाऱ्या कंपनीवर. कंपनीचे लोक म्हणत होते, आमचं यंत्र चार संदेश वेगळे करतं, हजार वेळा तपासलंय. म्हणून हेडविगचं एक वाक्य हवं होतं, तिच्या सहीनिशी. पडद्यावर एकच संदेश दिसत होता. बस, एवढंच.

“मला त्यांच्याकडून काही नको,” झीटाबाई म्हणाली. “नुसतं त्यांनी म्हणावं, चुकलं आमचं. तुला माहितेय, डॉक्टरच्या कागदात काय लिहिलंय. तोंडासमोर बर्फाचा पापुद्रा होता त्याच्या. श्वास गोठून होतो तो. म्हणजे श्वास घेत होता ना तो, बराच वेळ. हे मला माणसाच्या डोक्यावर घालायचं नाही. तुझ्या तर नाहीच. मशीनवर रागावून झोप लागते मला.”

तिने पेन टोपण काढून पुढे ठेवलं. हेडविगने कागद वाचला. आपलं नाव, जन्मतारीख, धंदा, सगळं बिनचूक होतं. सही केली तर ही बाई वर्ष दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढेल, हरेल किंवा जिंकेल, पण रात्री झोपेल. दर महिन्याला सूप आणेल. आणि कुठल्या तरी गावात कुठलं तरी कुटुंब यंत्रावर भरवसा ठेवायचं सोडून देईल, हेही हेडविगच्या मनात येऊन गेलं, पण तिने ते लांब सारलं. ते फार साळसूद होतं. खरं कारण एवढंच की सकाळी रस्त्यावर ती जे मोठ्याने बोलली होती ते आता आत परत जात नव्हतं. तिने पेनाला टोपण लावलं.

“झीटाबाई, तीन दिसत होते,” ती म्हणाली.

झीटाबाईला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, कागदातला आकडा चुकलाय. तिने चष्मा नीट करून बोट ओळीवर ठेवलं. मग हेडविगने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती रडली नाही, कारण रडली असती तर झीटाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला असता. अडतीसचा आकडा सांगितला, गुडघ्यांवर बसल्याचं सांगितलं, साठ सेंटीमीटर सांगितलं. टोपी सांगितली. बटण सांगताना तिला पुन्हा सांगावं लागलं, कारण असं बटण असतं हे झीटाबाईला ठाऊक नव्हतं. सापडला अशी खूण करायचं बटण. पहिल्यांदा ऐकून ती म्हणाली, मग सापडलाच होता ना. हेडविग म्हणाली, हो, सापडला होता. तो कोण आहे ते मला माहीत नव्हतं, पण माझी बहीण टोपीखाली आहे असं मला वाटलं, म्हणून मी त्याला तिथे सोडलं.

खाली गल्लीत कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. झीटाबाईने कागदाची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवी पर्समध्ये. तिचा चेहरा हेडविगने असा कधी पाहिला नव्हता. अपघाताच्या दिवशी, दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा तो सुजलेला होता, ओला होता, माणसाचा होता. आता त्यावर काहीच नव्हतं. इतके महिने मी तुझ्याकडे येत होते, ती म्हणाली. मग तिने विचारलं, पोलिसांना हे सांगणार का. सोमवारी सकाळी जाईन, हेडविग म्हणाली. वकिलालाही तूच सांग, मला जमायचं नाही, झीटाबाई म्हणाली. बरं, हेडविग म्हणाली. अफ्राही जगली असती का, झीटाबाईने विचारलं. हेडविगने मान हलवली. हो. नियमाने गेले असते तर दोघंही, बहुधा. झीटाबाईने हे ऐकलं, पण त्याने तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. दुसऱ्याचं माणूस मोजायला आज तिच्याकडे जागा नव्हती आणि हेडविगला ते बरोबर वाटलं.

ती उठेल असं हेडविगला वाटलं. खुर्ची मागे सरकलीही. पण झीटाबाई पुन्हा टेकली.

“त्याच्यापाशी किती वेळ होतीस?”

“झीटाबाई—”

“गुडघ्यांवर बसलीस म्हणालीस ना. तिथपासून उठेपर्यंत. किती?”

हेडविगने डोळे मिटले. यंत्र फिरवलं, आकडा खाली आणला, टोपी दिसली, बटण. तिने खोटं न बोलायचं ठरवलं होतं, म्हणून नीट आठवलं.

“दहा सेकंद असतील.”

झीटाबाईने टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. “एक,” ती म्हणाली. आवाज साधा होता, बालवाडीत पोरांच्या ताटल्या मोजत असेल तसा. दोन. तीन. ती हेडविगच्या डोळ्यांत पाहत होती, आणि हेडविगने नजर काढली नाही, एवढं तरी आपण देणं लागतो असं तिला वाटलं. चार, पाच. दहा सेकंद इतके लांब असतात हे तिला माहीत नव्हतं. सहाव्याला सळई काढून झाली असती. सातव्याला ती बर्फात गेली असती. आठ. नऊ. दहा झाले. हेडविगने सुटकेचा श्वास घेतला आणि तेवढ्यात तिला झीटाबाईचे ओठ पुन्हा हललेले दिसले. अकरा, झीटाबाई म्हणाली. बारा. तेरा. घाई नव्हती, थांबणं नव्हतं. हेडविगला कळलं की ही बाई दहाशी थांबणार नाही, मिनिटाशीही थांबणार नाही. तिचा मुलगा जेवढा वेळ आत श्वास घेत होता तेवढं ती मोजणार आहे, आणि तेवढा वेळ आपल्याला इथे बसून ते ऐकायचं आहे. तिने हात मांडीवर घेतले आणि ती ऐकत राहिली.